गूळ घालण्याआधी

सांगलीतल्या त्या सभागृहाच्या वॉचमनने किल्ली हातात दिली तेव्हा नुकतं फटफटत होतं. स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं. लेकीने भिंतीवर हात फिरवून बटण शोधलं आणि पांढऱ्या फरश्या, पांढरा ओटा, पांढरी कपाटं असं सगळं एकदम समोर उभं राहिलं. मी दारातच थांबलो. पलटणीत मी स्वयंपाकी होतो. तंबूत रांधलं, बर्फात रांधलं, उभ्या ट्रकच्या आडोशाला रांधलं. पण असं कुणाचंच नसलेलं स्वयंपाकघर मी पाहिलं नव्हतं. तिथे कसलाच वास नव्हता. काल तिथे काय शिजलं, कोण जेवलं, काही कळत नव्हतं.

लेक पिशव्या ठेवून डबे करायला घरी गेली. मी एकेक कपाट उघडून पाहिलं. एकात ताटं, एकात उपडे घातलेले कप, एक अगदी रिकामं. शेगडीचं बटण कुठल्या बाजूला फिरतं ते दोनदा चुकलो. वर वाफ ओढून घेणारं यंत्र होतं, ते माझ्या हातून सुरू झालं आणि बंद कसं करायचं ते सापडेना. मग तसंच राहू दिलं. थोड्या वेळाने तो आवाज लांबवर चाललेल्या पिठाच्या गिरणीसारखा वाटू लागला आणि मला जरा बरं वाटलं.

पातेली मी गावाहून आणली होती. आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे, माणदेशात. तिथून विटा, तासगाव करत, एस.टी.त मांडीवर धरून आणली. एकसारखी दोन. लेकीने फोनवर विचारलं होतं, "दोन कशाला, आबा? बायका तर पंचवीसच असतील." मी म्हणालो, एका पातेल्यात खीर होईल आणि दुसऱ्यात होणार नाही. तिला ती माझी थट्टा वाटली.

तिच्या कॉलनीतल्या बायका महिन्यातून एकदा जमतात आणि कुणीतरी एक पदार्थ सगळ्यांसमोर करून दाखवतं. लेकीने त्यांना सांगून ठेवलं होतं की माझे वडील खपली गव्हाची खीर करतात, अख्ख्या गावाची करायचे. यापूर्वी दोनदा मी नको म्हणालो होतो. या वेळी बोलता बोलता ती सहज म्हणाली की सभागृह वैनीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. तेव्हा मी हो म्हणालो. अट एकच घातली, त्या दिवशी वैनीला तिथे आणून बसवायचं.

वैनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. आता ती सांगलीला मुलाकडे असते. तिच्याबाबतीत मी एक खोटं बोललो होतो. त्याला तीस वर्षं होऊन गेली. ते खोटं तिच्या हयातीत तिच्यासमोर मोडायचं, एवढंच माझं काम उरलं होतं. खीर हे निमित्त होतं.

रात्रभर भिजलेला गहू मी दोन्ही पातेल्यांत सारखा मोजून घातला. पाणीही सारखंच. दोन शेगड्या पेटवल्या आणि स्टुलावर बसलो. खिडकी पूर्वेला होती. ऊन ओट्यावर आलं तेव्हा पहिली वाफ वर निघाली. खपलीचा वास सुरुवातीला ओल्या पोत्यासारखा असतो, मग हळूहळू दुधासारखा होत जातो. त्या वासाने ते पांढरं स्वयंपाकघर पुसट होत गेलं आणि मला आमच्या देवळामागचं पटांगण दिसू लागलं.

वैनी जत भागातली, पार कर्नाटकाच्या सीमेवरची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या तोंडात निम्मी कन्नड होती. या खिरीला ती हुग्गी म्हणायची. आमच्याकडे तोवर भंडाऱ्याला लापशी व्हायची. तिने एका वर्षी घरी खीर केली, ती कुणीतरी देवळात नेली, आणि पुढच्या वर्षापासून गावाने तिलाच सांगितलं. गहू तिच्या माहेरचा यायचा. तो ती स्वतः सडायची. खपलीच्या दाण्याला घट्ट टरफल असतं. पाण्याचा हबका मारून उखळात हलक्या हाताने कांडावं लागतं, म्हणजे टरफल सुटतं आणि दाणा मोडत नाही. भंडाऱ्याआधी आठ दिवस तिच्या अंगणातून मुसळाचा आवाज यायचा. त्या आवाजावर गावातल्या बायका दिवस मोजायच्या. कोरडवाहू गाव आमचं, मिरवायला फारसं काही नव्हतं. त्या एका दिवशी आसपासच्या वाड्यांवरची माणसं खीर खायला यायची आणि विचारायची, कुणाच्या हातची? तेव्हा तिचं नाव घेतलं जायचं. सुनांची नावं गावात सहसा घेतली जात नसत.

मी पलटणीतून निवृत्त होऊन आलो तेव्हा माझ्याकडे काही काम नव्हतं. भंडाऱ्याच्या चुलवणापाशी, काहिलीखालच्या मोठ्या चुलीपाशी, उभा राहू लागलो. जाळ सारखा ठेवणं, काहिलीत लांब दांड्याचं हातं फिरवून ढवळणं, ही पुरुषाची कामं. मला वाटायचं, हजार जवानांना जेवू घातलेला माणूस मी, मला काय शिकवायचं. वैनी मात्र शिकवायची. काहिलीतला दाणा उचलून अंगठा आणि बोट यांच्यात दाबायची. "आजून न्हाई," म्हणायची. परत दाबायची. "आजून न्हाई." दाणा लोण्यासारखा पसरला की मगच गूळ. का, ते तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. गूळ पडला की दाणा जिथे असेल तिथेच राहतो, मग दिवसभर जाळ घाला, तो पुढे शिजत नाही.

मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

त्या वर्षी पालखीला उशीर झाला आणि वैनीला नैवेद्य घेऊन देवळात जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "भावजी, मी येईस्तोवर गूळ घालू नगा." मी मान हलवली. ती तिकडे आरतीत अडकली. इकडे पंगत बसली. पत्रावळी मांडल्या गेल्या. पलटणीत जेवणाची वेळ म्हणजे वेळ, बारा म्हणजे बारा, एक मिनिट पुढे गेलं की स्वयंपाक्याची खैर नाही. मनगटावरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. माझ्या सगळ्या आयुष्याने मला ढोसलं. मी दाणा दाबून पाहिलाच नाही. गुळाच्या ढेपा फोडून ठेवल्या होत्या, त्या उचलून काहिलीत सोडल्या.

वैनी आली तेव्हा खिरीचा रंग बदललेला होता. तिने काहिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, "शिजला हुता?"

मी म्हणालो, "हो. दाबून बघितला."

एवढंच ते खोटं. तीन शब्दांचं.

पुढचं पंगतीने केलं. पहिल्या घासालाच माणसं थांबली. दाताखाली खडे यावेत तसे दाणे. कुणी हसलं, कुणी पत्रावळीच्या कडेला थुंकलं. पाहुण्यांत एक म्हातारा होता, तो म्हणाला, बाईनं गहू नीट सडला न्हाई. दुसऱ्याने ठरवलं की खपलीत साधा गहू मिसळलाय. मग वाढप्यांमध्ये, बायकांमध्ये, सगळीकडे तेच पसरलं. जतचा गहू, जतची बाई. माझ्या हातात हातं होतं आणि मी ते फिरवत होतो. जाळ वाढवून बघू, असंही म्हणालो. काही होणार नाही हे ठाऊक असून म्हणालो.

पुढच्या वर्षी गावाने लापशी केली. मोडलेल्या गव्हाची, कुणालाच काही लागू नये अशी. आणि ती करायला मला सांगितलं. वैनीच्या अंगणातला मुसळाचा आवाज थांबला. चुलतभाऊ वारला, मग ती मुलाकडे सांगलीला गेली. एवढी वर्षं तिला वाटत असेल की खोट तिच्या गव्हात होती, तिच्या हातात होती. त्या एका विचाराने मी किती वेळा जागा झालो, ते सांगून उपयोग नाही.

वाफेतून हे सगळं येत होतं आणि जात होतं. मधूनच मी उठून पाणी बघायचो. घुमणाऱ्या यंत्राखाली दोन्ही पातेली एकाच लयीत रटरटत होती, जुळ्या भावंडांसारखी. या खेपेचा गहू मी वैनीच्या माहेरगावी जाऊन आणला होता. तिथे तिला ओळखणारं कुणी राहिलं नव्हतं, पण खपली होती. सडला मी स्वतः. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मुसळ उचललं तेव्हा पहिल्यांदा कळलं की आठ आठ दिवस ती काय करत होती.

साडेनऊला दाणा अर्धा शिजला. तीच वेळ आली. मी गूळ फोडून दोन ताटांत ठेवला होता. एक ताट उचललं आणि दुसऱ्या पातेल्यापाशी उभा राहिलो. हात पुढे होईना. अजूनही सोपं होतं. हा गूळ ठेवून द्यायचा, दोन्ही पातेली नीट शिजू द्यायची, पंचवीस बायकांना गोड खाऊ घालायचं, वैनीच्या पाया पडायचं आणि संध्याकाळची एस.टी. धरायची. कुणालाही काही कळलं नसतं. त्या पांढऱ्या खोलीत मला पाहणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी पटांगणात एवढी माणसं होती, तरी तेव्हाही कुणी पाहिलं नव्हतं.

मी गूळ सोडला. तो बुडाला, तळाशी गेला आणि तिथून तपकिरी रंग हळू हळू वर आला, अगदी तेव्हासारखाच.

लेक परत आली. पातेल्यांत डोकावून म्हणाली, "आबा, ह्यात आधी घातला, त्यात विसरलात." मी म्हणालो, विसरलो नाही. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग काही न विचारता वाट्या पुसायला घेतल्या. तिची आई अशीच होती.

अकराच्या सुमारास बायका येऊ लागल्या. खुर्च्या ओढल्याचे आवाज, अत्तराचे वास, मोबाइल वर धरलेले हात. मंडळाच्या प्रमुख बाईंनी माझी ओळख करून दिली, फौजी आजोबा, अस्सल गावरान खीर वगैरे. वैनी सगळ्यात शेवटी आली, सुनेचा हात धरून. खूप लहान झाली होती. तिला पुढच्या खुर्चीत बसवलं. मी नमस्कार केला, तिने मान हलवली. कुठल्या शेगडीवर काय आहे ते तिला दिसत असावं असं वाटलं नाही. पण तिने नाक वर करून वास घेतला.

मी खपली दाखवली, सडणं सांगितलं, भिजवणं सांगितलं. बायका विचारत होत्या, कुकरमध्ये किती शिट्ट्या, खोबरं ओलं की सुकं. मी सांगत गेलो. पहिल्या पातेल्यातला दाणा आता फुलला होता. सगळ्यांसमोर बोटात दाबून दाखवला, मग त्यात गूळ घातला, खोबरं, खसखस, सुंठ, जायफळ. उकळी आली. मग प्रत्येकीला दोन वाट्या द्यायला लेकीला सांगितलं, एक या पातेल्यातली, एक त्या.

पहिल्या वाटीला सगळ्या माना हलल्या. दुसऱ्या वाटीला चमचे थांबले. मागची एक जण म्हणाली, "आजोबा, ह्यात गहू आहे का वाळू?" सगळ्या हसल्या. हसू ओसरेपर्यंत मी थांबलो.

मग बोललो. पाठ करून आणलेलं होतं ते आठवलं नाही. एवढंच म्हणालो की दोन्ही पातेल्यांत गहू एकच आहे, सडलेला एकाच हाताने. एकात गूळ वेळेवर पडला, दुसऱ्यात आधी. आमच्या गावच्या भंडाऱ्याला अशीच खड्यांसारखी खीर झाली होती आणि गावाने दोष या माझ्या वैनीला दिला. गूळ मी घातला होता. तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तिचा गहू चांगला होता.

मोबाइल धरलेले हात खाली आले. यंत्र तेवढं घुमत होतं. वैनीच्या सुनेने पदर तोंडाला लावला. वैनी मान खाली घालून वाटीत काहीतरी शोधत होती. दात नव्हते तिला. तिने दुसऱ्या वाटीतला एक दाणा उचलला, अंगठा आणि बोट यांच्यात धरला आणि दाबला. दाणा दबला नाही. तो तिने परत वाटीत ठेवला.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

मला वाटलं, ती माझी समजूत घालतेय. ती सावकाश बोलत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होती. त्या दिवशी घरी जाऊन तिने उरलेला पसाभर गहू चुलीवर ठेवला होता. त्याच दुरडीतला. दिवेलागणीला तो मऊ झाला, लोण्यासारखा. बिनगुळाचाच तिने तो खाल्ला. चुलतभावालाही दिला. तो चिडून माझ्या घराकडे निघाला होता, तिने त्याला अडवलं.

मी विचारलं, का.

"म्हटलं, तुमीच सांगाल," ती म्हणाली. "येक वरीस वाट बघितली. दुसऱ्या वर्साला बी बघितली. मग न्हाई बघितली."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तो धरता तरी आला असता. मी जी चाचणी करून दाखवायला दोन पातेली मांडीवर धरून आलो होतो, ती तिने त्याच संध्याकाळी, एका पसाभर गव्हावर, करून पाहिली होती. तिला माझ्याकडून गव्हाबद्दल काही कळून घ्यायचं नव्हतंच. जे कळायचं होतं ते माझ्याबद्दल होतं, आणि तेही तिला दुसऱ्या वर्षापर्यंत कळून चुकलं होतं.

मी वाकलो तशी तिने पाय मागे घेतले. "आवं भावजी, हितं कशाला सांगितलं?" ती म्हणाली. "हितल्या बायकांनी कवा मला नाव ठेवलं? ह्यांना काय त्याचं? जिथं ठेवलं तिथं सांगा."

मग तिने पहिली वाटी उचलली आणि चमच्याने संपवली. सुनेला म्हणाली, सुंठ जरा जास्त झालीय.

बायका गेल्यावर मी भांडी घासली. लेक नको म्हणत होती. दुसऱ्या पातेल्यातली खीर कुणालाच नको होती. ती मी डब्यात भरून घेतली. ओटा पुसला, शेगड्या पुसल्या, पण खोलीतला वास गेला नाही. यंत्राचं बटण शेवटी लेकीला सापडलं. आवाज थांबला तसा मी एकदम बहिरा झाल्यासारखा झालो. ओट्यावरचं सकाळचं ऊन केव्हाच निघून गेलं होतं. त्या परक्या ठिकाणी मी मला हवं ते केलं होतं, आणि ते चुकीच्या जागी केलं होतं.

भंडाऱ्याला तीन महिने होते. त्या काळात मी हे इथवरचं लिहून काढलं आणि देवळाच्या बैठकीत वाचलं. ज्यांनी वैनीला नावं ठेवली त्यांतले बहुतेक आता नाहीत. दोन म्हातारे होते. त्यातला एक म्हणाला, "आरं गड्या, कवाची गोष्ट काढलीस?" दुसऱ्याच्या डोळ्यांना पाणी आलं, पण ते त्याला हल्ली नेहमीच येतं. तरुण पोरांना तर इथे कधी लापशीशिवाय काही होत होतं हेच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, माहीत असलं नसलं तरी ऐकून ठेवा, आणि सगळं शेवटपर्यंत वाचलं. तिचं नाव घेतलं. माझंही घेतलं. इथे छापताना तेवढी नावं काढली आहेत, ती गावाला ठाऊक आहेत, तेवढं पुरे. त्याच बैठकीत मी म्हणालो की या वर्षी लापशी नको, खपली करू. पोरं तयार झाली, नवीन काही म्हणून.

वैनी येईल असं मला वाटलं नव्हतं. भंडाऱ्याच्या सकाळी तिच्या मुलाची गाडी देवळामागे उभी राहिली. तिला चुलवणापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. ती माझ्याशी फार बोलली नाही. मी हातं फिरवत होतो. वाफ वर जाऊन चिंचेच्या फांद्यांत शिरत होती आणि त्या वाफेत कधी पटांगण भरलेलं दिसे, कधी रिकामं. मधूनच मी एक दाणा हात्याच्या टोकावर घेऊन, फुंकर घालून, तिच्या तळहातावर ठेवत होतो. ती डोळे मिटून दाबून बघायची.

पंगत बसली. पत्रावळी मांडल्या गेल्या. कुणीतरी दोनदा येऊन विचारून गेलं, किती वेळ. घड्याळ मी घरी ठेवून आलो होतो. फोडलेला गूळ परातीत माझ्या पायाशी होता. मी पुन्हा एक दाणा तिच्या हातावर ठेवला.

"आजून न्हाई," वैनी म्हणाली.

मी हातं फिरवत राहिलो.